पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणारा एडी ६२० मोड्यूल: आयसी भारी, पण बोर्ड…

पाकिटावर 'मायक्रोव्होल्ट अ‍ॅम्प्लिफायर' छापलेलं असतं आणि प्रोजेक्टवाली पोरं तेवढ्यावरच घेऊन जातात, म्हणून म्हटलं जरा डिटेलमध्ये लिहावं. छोटा निळा बोर्ड, त्यावर एडी ६२० (दोन इनपुटमधला बारीक फरक मोठा करून देणारा आयसी), दोन प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलायचे रेझिस्टर (एक गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट करायचा त्याचा, एक झीरोचा) आणि कोपऱ्यात ७६६० ची चिप, जी पाच व्होल्टवरून उणे पाच तयार करते. सगळी गोम त्या कोपऱ्यातच आहे.

एडी ६२० बद्दल तक्रारच नाही. एका रेझिस्टरवर गेन ठरतो, ४९.४ के भागिले तो रेझिस्टर, अधिक एक. म्हणजे ४९९ ओहम लावला की गेन १००. नॉइज, म्हणजे त्याची स्वतःची खरखर, १ किलोहर्ट्झला ९ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, आणि साधा १ के चा रेझिस्टर नुसता पडल्या पडल्या ४ करतो, त्यावरून अंदाज घ्या. पण बोर्डावरची ती ७६६० साधारण १० किलोहर्ट्झला टकटक करत असते आणि ते सगळं सप्लायमधून आउटपुटवर येतं, कारण एडी ६२० सप्लायची खरखर डीसीला मस्त अडवतो पण फ्रिक्वेन्सी वाढली की त्याचा जोर कमी होतो. दोन्ही इनपुट शॉर्ट करून ग्राउंडला लावले, गेन १००० ला नेला आणि स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर सरळ रेघ दिसायच्या ऐवजी करवतीचे दात. आता आउटपुटवर २० मिलिव्होल्टचा कचरा म्हणजे इनपुटच्या हिशोबात २० मायक्रोव्होल्ट, आणि के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची दोन धातूंची वायर) डिग्रीला देतं ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्धा डिग्री तिथेच गेला की राव!

उपाय सोपा आहे, ७६६० काढून टाका आणि दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या लावा, प्लस सात नंबरच्या पिनला, मायनस चार नंबरला, मधला जोड ग्राउंड. बोर्ड एकदम शहाणा होतो. गेनचा प्रीसेट पण काढाच, हात लागला की हलतो, त्याजागी एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर बसवा.

आणि थर्मोकपल लावल्यावर आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं तर लगेच मोड्यूल परत द्यायला पळू नका. इनपुट करंट नॅनोअ‍ॅम्पमध्ये असला तरी त्याला परतीची वाट लागतेच, एका इनपुटवरून ग्राउंडला १०० के टाका, सुटतं. ५० हर्ट्झचा हम येत असेल तर इनपुटच्या वायरी पिळून घ्या नाहीतर शिल्डेड वापरा, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा तोच असतो.

दुकानाचं म्हणाल तर नाव टाकत नाही, कारण आयसी ओरिजिनल आहे का विचारल्यावर काका म्हणाले "चालतो ना, मग झालं". बिल मागितलं तर चेहरा पडला. एक मात्र आहे, काउंटरवरच पाच व्होल्ट देऊन दाखवतात, ते ऑनलाइनवाले देणार नाहीत. गाडी घेऊन जाऊ नका, बुधवार पेठेत पार्किंगची बोंब आहेच.

घ्यावा का? मिलिव्होल्टमधलं काम असेल तर आहे तसा घ्या, पैसे वसूल. नुसता लोडसेलच (वजनाचा सेन्सर) वाचायचा असेल तर एचएक्स ७११ घ्या, स्वस्त पडतो आणि २४ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) आतच असतो. मायक्रोव्होल्टसाठी मात्र सुटा आयसी घेऊन झीरो बोर्डवर (नुसती भोकं असलेला कोरा बोर्ड) स्वतः सोल्डर करा. आणि ईसीजी करणाऱ्यांनो, यावर आयसोलेशन (मेन्सची वीज माणसापर्यंत पोचू न देणारी सोय) नावाची गोष्ट नाही, त्यामुळे अंगाला इलेक्ट्रोड लावून चार्जरवरच्या लॅपटॉपला अजिबात जोडायचं नाही.

पाचपैकी तीन स्टार, तेही आयसीचे.