लेड ॲप्रनचा पूर्ण संच : काय घ्यावे, काय सोडावे

कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याची खोली), ऑर्थोपेडिक ओटी किंवा सी-आर्म (C आकाराचे फिरते एक्स-रे यंत्र) असलेली कोणतीही खोली असो, एक्स-रेपासून वाचवणारे संरक्षक साहित्य मागवायला गेले की यादी साधारण एकच पुढे येते : दोन भागांचा लेड ॲप्रन, थायरॉइड कॉलर, शिशाच्या काचेचा चष्मा, टोपी, हातमोजे आणि रुग्णाच्या अंगावर ठेवायचे छोटे आच्छादन. या सहा वस्तूंची उपयुक्तता मुळीच सारखी नाही. ॲप्रन आणि कॉलर यांत तडजोड नको. चष्मा घ्यावा, पण चेहऱ्यावर बसवून बघितल्याशिवाय नाही. उरलेल्या तिन्हींसाठी ठेवलेले पैसे छताला टांगलेल्या शिशाच्या काचेसाठी वापरावेत.

आधी किरण येतात कुठून ते पाहू. ट्यूबमधून निघालेला मुख्य झोत रुग्णाकडे जातो. कर्मचाऱ्यापर्यंत पोचतात ते रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेले किरण. ढोबळ हिशेबाने रुग्णाच्या त्वचेवर जेवढी मात्रा पडते तिच्या हजाराव्या भागाइतकी मात्रा बाजूला एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला मिळते. दोन मीटरवर गेले की ती चौथाई होते. ट्यूबच्या बाजूला विखुरणे सर्वाधिक असते, म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवतात. तिरप्या कोनात ट्यूब डॉक्टरच्या बाजूला वर आली की डोक्याच्या आणि खांद्याच्या डाव्या बाजूची मात्रा झपाट्याने वाढते. संचातली प्रत्येक वस्तू या वाटेत कुठे आडवी येते, त्यावरच तिचे मोल ठरते.

ॲप्रन

०.२५, ०.३५ आणि ०.५ मिमी शिशाइतकी क्षमता, असे तीन प्रकार मिळतात. एक्स-रे ट्यूबच्या ७०-८० किलोव्होल्ट दाबाच्या नेहमीच्या कामात ०.२५ मिमीचा थर विखुरलेल्या किरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अडवतो, ०.५ मिमीचा ९५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे वजन दुप्पट झाले तरी फायदा दुप्पट होत नाही, कारण मऊ किरण पहिल्याच थरात संपतात आणि पुढे जातात ते जास्त ऊर्जेचेच. पाठीमागून-पुढून झाकणारा जाड ॲप्रन सहा-सात किलोंपर्यंत जातो, आणि तो तासन्‌तास खांद्यावर असतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या पाहणीत सुमारे निम्म्या जणांनी मणक्याच्या किंवा सांध्याच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. त्यामुळे वजनाचा विचार चैनीचा नाही, सुरक्षेचाच आहे.

आमची शिफारस आहे ०.२५ मिमीच्या दोन भागांच्या ॲप्रनची : वर जाकीट, खाली घागरा, दोन्ही समोर एकमेकांवर चढणारे. पुढे दोन थर मिळून ०.५ मिमी होतात, पाठीला ०.२५ पुरते. घागऱ्याचे वजन कमरेच्या हाडावर येते आणि खांदे मोकळे होतात. मात्र चूकही इथेच होते. माप छोटे असेल तर समोरचे पल्ले पूर्ण चढत नाहीत आणि छातीच्या मधोमध ०.२५ मिमीच उरते. घालून बघताना दोन्ही हात पुढे टेबलावर ठेवल्यासारखे करा. पल्ला त्या स्थितीतही पूर्ण चढलेला दिसला पाहिजे.

माप मोठे असले तर वेगळा घोटाळा होतो. बाही नसलेल्या जाकिटाची काखेतली फट रुंदावते आणि स्तनाचा वरचा बाहेरचा भाग उघडा पडतो. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी सर्वाधिक याच भागात आढळतात, आणि टेबलाशी बाजूने उभे राहिले की विखुरलेले किरण नेमके तिथून शिरतात. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी काख झाकणारी छोटी बाही किंवा वेगळा तुकडा मागवायलाच हवा. अनेक ठिकाणी सगळ्यांना एकाच मापाचे ॲप्रन दिले जातात. ही काटकसर चुकीच्या जागी आहे.

शिसे की बिनशिशाचे?

बिनशिशाचे ॲप्रन २०-३० टक्के हलके असल्याचा दावा असतो. त्यात अँटिमनी, टिन, टंगस्टन, बिस्मथ यांची पूड वापरतात. दावा खोटा नसतो, पण तो कोणत्या ऊर्जेसाठी केला आहे हे पाहावे लागते. अँटिमनी ३०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या लगेच वर किरण फार चांगले शोषतो, तर शिशाची शोषणक्षमता तशी एकदम वाढते ती ८८ वर. त्यामुळे मधल्या ऊर्जेत हलके पदार्थ शिशाला मागे टाकतात, आणि त्या पट्ट्याच्या बाहेर मागे पडतात. दुसरी अडचण अशी, की अँटिमनी आणि टिन शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग स्वतःच्या दुय्यम किरणांच्या रूपात पुन्हा बाहेर टाकतात, आणि ॲप्रन अंगाला लागूनच असल्यामुळे ते थेट त्वचेत जातात.

जुन्या, अरुंद झोताच्या चाचणीत हे दुय्यम किरण मापकापर्यंत पोचतच नसत आणि ॲप्रन कागदावर चांगला दिसे. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१४ च्या ६१३३१-१ या मानकात हे किरणही मोजणारी पद्धत आली. म्हणून लेबलवर फक्त ‘०.५ मिमी’ लिहिलेले पुरेसे नाही. कोणत्या किलोव्होल्टच्या पट्ट्यासाठी आणि कोणत्या मानकाने मोजले, हे दोन्ही लिहिलेले हवे. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा. तो मिळत नसेल तर तो ॲप्रन घेऊ नका.

चांगल्या प्रतीच्या बिनशिशाच्या ॲप्रनमध्ये दोन थर असतात : बाहेर अँटिमनीसारखा हलका, आत अंगाकडे बिस्मथसारखा जड, म्हणजे पहिल्या थराचे दुय्यम किरण दुसऱ्यात अडतात. असा ॲप्रन उलटा घातला तर ही सगळी रचना वाया जाते. दोन्ही बाजूंचे कापड एकाच रंगाचे असेल तर गर्दीच्या वेळी ही चूक होणारच. दोन बाजूंना दोन रंग असलेला नमुना निवडा.

कॉलर आणि चष्मा

कॉलर हलकी आहे, ॲप्रनच्या मानाने स्वस्त आहे, आणि ॲप्रन घालूनही शरीराला मिळणारी जी मात्रा उरते तिच्यात मानेच्या भागाचा वाटा मोठा असल्याने ती जवळपास निम्म्यावर आणते. प्रौढ वयात थायरॉइडची संवेदनक्षमता लहान मुलांच्या तुलनेत खूपच कमी असते, हे खरे. पण एवढ्या कमी त्रासात एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू या संचात नाही. कॉलरची खालची कड ॲप्रनच्या गळ्यावर चढली पाहिजे. गुदमरते म्हणून ती सैल सोडली की मधे त्रिकोणी फट राहते.

डोळ्यांबद्दल गेल्या काही वर्षांत मत पूर्ण बदलले. भिंगाला इजा होण्यासाठी अनेक ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) मात्रा लागते असा समज होता. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये हा उंबरठा ०.५ ग्रेवर आणला, आणि कर्मचाऱ्यांसाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसीव्हर्टवर (शरीरावरचा परिणाम धरून मोजलेल्या मात्रेचे एकक) उतरवली : ५ वर्षांची सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षी ५० पेक्षा जास्त नाही. फ्रान्समधल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या अभ्यासात भिंगाच्या मागच्या आवरणाखालचा धुरकटपणा १७ टक्के डॉक्टरांत आढळला, तर किरणांशी संबंध नसलेल्या गटात ५ टक्क्यांत. म्हणून चष्मा हवाच.

पण कोणता? काच ०.५ मिमी की ०.७५ मिमी, यावर विक्रेता बराच वेळ घालवतो. खरा प्रश्न फटीचा आहे. डॉक्टर मॉनिटरकडे बघतो तेव्हा रुग्ण डावीकडे खाली असतो. किरण गालावरून वर येतात आणि काचेच्या खालून, बाजूने आत शिरतात. काही किरण डोक्याच्या ऊतींवर आपटूनही डोळ्यात जातात. त्यामुळे काच स्वतः कितीही सक्षम असली तरी डोळ्याची मात्रा प्रत्यक्षात बहुधा २ ते ५ पटींनीच कमी होते. गालाला टेकणारी, बाजूला वळलेली चौकट निवडा. नंबरचा चष्मा लागत असेल तर त्याच्यावर चढवायचा ढिला प्रकार घेऊ नका. नंबर काचेतच बसवून घ्या.

टोपी आणि हातमोजे

टोपी घेऊ नये. हृदयरोगतज्ज्ञांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठी आढळल्याच्या नोंदी २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि या टोप्यांना मागणी आली. त्या सुट्या सुट्या रुग्णांच्या गोळा केलेल्या नोंदी होत्या; तेवढ्यावरून धोका किती वाढतो हे ठरवता येत नाही. शिवाय किरण डोक्याकडे खालून येतात, म्हणजे चेहऱ्यातून आणि जबड्यातून. टोपी कवटीचा वरचा भाग झाकते. मेंदूच्या मधल्या भागाची मात्रा तिच्यामुळे अगदी मोजक्या टक्क्यांनीच घटते, असे मोजणीत दिसले आहे.

किरणरोधक हातमोजे त्याहून फसवे. ते घातले की हात झोतात घालायला धीर येतो. मोजा झोतात आला की यंत्राची स्वयंचलित व्यवस्था चित्र काळवंडले असे समजून मात्रा वाढवते, आणि मोज्याच्या आतही किरण विखुरतात. हात झोताबाहेर ठेवणे आणि कॉलिमेटर (झोताची रुंदी ठरवणारी झडप) आवळणे याला पर्याय नाही.

रुग्णासाठीचे आच्छादन

जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली. तेव्हाच्या यंत्रांची मात्रा आजच्या कितीतरी पट होती. आता अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि तिथल्याच किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेने (एनसीआरपी) २०२१ मध्ये ही पद्धत नेहमीची म्हणून थांबवायला सांगितले आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि कॉलर दोन्ही थांबवायला सांगितले. कारणे ठोस आहेत. आच्छादन स्वयंचलित मापकावर आले की मात्रा वाढते. ते सरकले की निदानाचा भाग झाकला जातो आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. मुलींमध्ये अंडाशयाची जागा नक्की नसते, म्हणून ठेवलेला तुकडा बऱ्याचदा चुकीच्या जागी असतो. शरीराच्या आतल्या आत विखुरणारे किरण तर तो अडवतच नाही.

म्हणजे मुलांच्या बाबतीत निष्काळजी चालेल असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एपी-सीटी अभ्यासात वयाच्या २२ वर्षांआधी सीटी स्कॅन झालेल्या सुमारे ९ लाख ४८ हजार जणांचा मागोवा घेतला गेला. आजच्या सरासरी मात्रेचा, म्हणजे अस्थिमज्जेला साधारण ८ मिलिग्रेचा, एक स्कॅन झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या २ ते १२ वर्षांत १ ते २ जणांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता त्यात निघाली. हा धोका कमी होतो तो वजनानुसार मात्रा ठरवल्याने, नको असलेला दुसरा फेज (त्याच भागाचा पुन्हा केलेला स्कॅन) टाळल्याने, आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम भागत असेल तिथे सीटी न केल्याने.

छताची काच

छताला टांगलेली ०.५ मिमी क्षमतेची पारदर्शक काच डोळे, मेंदू आणि मान एकाच वेळी वाचवते, आणि तिचे वजन कोणाच्याच अंगावर नसते. अट एकच : ती रुग्णाच्या शरीराला टेकेल इतकी खाली आणि झोताच्या जागेजवळ हवी. डॉक्टरच्या चेहऱ्यासमोर उंच धरलेल्या काचेखालून किरण सरळ वर येतात. खालची कड शरीराच्या गोलाईत कापलेली आणि तिला लवचीक झालर असलेला नमुना घ्या. टेबलाच्या बाजूचा पडदाही विसरू नका, पाय त्याच्याच भरवशावर असतात.

बॅज, तपासणी, देखभाल

मिळालेली मात्रा मोजणारा एकच बॅज कधी ॲप्रनच्या आत, कधी बाहेर लावला जातो, आणि नोंदींना अर्थ उरत नाही. दोन हवेत : एक ॲप्रनच्या आत कमरेपाशी, दुसरा कॉलरच्या बाहेर डावीकडे. एनसीआरपीच्या सूत्राने आतल्या वाचनाची निम्मी मात्रा आणि बाहेरच्या वाचनाला ०.०२५ ने गुणून येणारी मात्रा यांची बेरीज करायची. आत ०.४ आणि बाहेर १२ मिलिसीव्हर्ट असेल तर ०.२ अधिक ०.३, म्हणजे ०.५. बाहेरचे १२ मात्र डोळ्यांच्या मर्यादेशी ताडून बघा. वर्षानुवर्षे साठणाऱ्या छोट्या मात्रेलाही महत्त्व आहे : तीन देशांतल्या ३ लाख ९ हजारांहून अधिक अणुउद्योग कर्मचाऱ्यांच्या इनवर्क्स अभ्यासात, रक्ताचे कर्करोग सोडून इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका दर ग्रेमागे ५२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. सरळ प्रमाणात धरले तर १० मिलिग्रेमागे सुमारे अर्धा टक्का.

नवा ॲप्रन आला की वापरण्याआधी आणि नंतर दरवर्षी तपासा. प्रत्येकाला क्रमांक द्या. आधी बोटांनी चाचपा. गुठळी किंवा पोकळ जागा हाताला लागते. मग सीटीच्या टेबलावर सपाट पसरून एकच स्काउट (स्कॅनआधीचे साधे सपाट चित्र) घ्या. फ्लुरोस्कोपीने (सलग चालणाऱ्या एक्स-रे चित्राने) बघायचे असेल तर मॅन्युअल मोड लावा, नाहीतर शिशाआडून बघताना यंत्र किलोव्होल्ट वाढवत नेते आणि बारीक भेग दिसेनाशी होते. महत्त्वाच्या अवयवांवर १५ चौरस मिमीपेक्षा मोठे छिद्र असेल तर ॲप्रन बाद, शिवणीजवळ किंवा पाठीला ६७० चौरस मिमीपर्यंत चालते, कॉलरला ११. या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मर्यादा आहेत.

भेगा पडतात त्या बहुतेक घडीमुळे. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ॲप्रन त्याच रेषेत वाकतो आणि कमरेपाशी फाटतो. जाड, रुंद हँगर लागतो. तारेचा हँगर खांद्याची शिवण कापतो. पुसायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. ब्लीच आणि स्पिरिटने वरचे आवरण कडक होते. आवरण फाटून आतला थर दिसू लागला तर चिकटपट्टी लावून वापरत राहू नका, शिशाची पूड हाताला लागते. शिशाचा बाद झालेला ॲप्रन साध्या कचऱ्यात जाता कामा नये. तो परत घेण्याची सोय आहे का, हे नवा मागवतानाच उत्पादकाकडून लिहून घ्या.