लोझेरमधील एका खेड्याचे ग्रामकार्यालय : सेवेबद्दल अभिप्राय

दक्षिण फ्रान्समधील लोझेर या अत्यंत विरळ वस्तीच्या जिल्ह्यात राहत असल्यामुळे गावच्या 'मेरी'शी, म्हणजे ग्रामकार्यालयाशी, माझा वारंवार संबंध येतो आणि ही सेवा मला मनापासून मोलाची वाटते. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने फ्रान्समधील प्रत्येक गावाला स्वतःची नगरसभा मिळाली, त्यामुळे शे-दोनशे वस्तीच्या खेड्यातही सहा वर्षांसाठी निवडून आलेले सदस्य असतात आणि ते आपल्यातूनच महापौर निवडतात. जन्म-मृत्यूची नोंद, बांधकामाचे अर्ज, मतदारयादी ही सगळी कामे एकाच टेबलावर होतात. तेथील सचिव बाई आठवड्यातील उरलेले दिवस शेजारच्या गावात काम करतात, तरीही अर्जातील राहिलेला रकाना स्वतः दाखवून तिथल्या तिथे भरून घेतात; अशी आस्था मोठ्या शहरात क्वचितच मिळते. दाराशेजारच्या काचेच्या फलकावर सभेचे निर्णय आणि होऊ घातलेल्या विवाहांच्या सूचना दहा दिवस लावलेल्या असतात. विवाह लावताना महापौर तिरंगी पट्टा परिधान करतात आणि चर्चमधील विधीआधी हा नागरी विवाह कायद्याने बंधनकारक आहे.

उणीव एकच, पण ती खरोखर जाचते. कार्यालय आठवड्यातून दोनदाच, तेही अर्धा दिवस उघडे असते आणि २०१७ पासून ओळखपत्राचा अर्ज केवळ ठरावीक, यंत्रसामग्री असलेल्या कार्यालयांतच स्वीकारला जात असल्याने गाडी नसलेल्या वृद्धांना दूरच्या गावी जाण्यासाठी कोणाची तरी मनधरणी करावी लागते. पाचपैकी चार तारे.