दोन राउटर, दोन लिंक: एलएसीपी की ईसीएमपी?

दोन राउटरमध्ये १० गिगाबिटच्या दोन लिंक टाकल्या. आता एलएसीपीने (अनेक लिंक जोडून एक करणारा प्रोटोकॉल) त्यांची एकच लिंक करायची, की वेगवेगळे आयपी देऊन ओएसपीएफवर (राउटरांना एकमेकांचे मार्ग कळवणारा प्रोटोकॉल) ईसीएमपी (सारख्याच किमतीच्या मार्गांवर ट्रॅफिक वाटणं) चालवायचं?

अपेक्षा चुकते ती इथे: दोन्हींत ट्रॅफिक सहसा हॅशने (पॅकेटच्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्याने) वाटला जातो. सोर्स-डेस्टिनेशन आयपी आणि पोर्ट बघून एक फ्लो (एकाच जोडणीची सगळी पॅकेटं) एकाच लिंकवर जातो. त्यामुळे रात्रीचा एकच मोठा बॅकअप १० गिगाबिटच्या वर जाणार नाही, शेजारची लिंक रिकामी असली तरी. पॅकेटागणिक वाटलं, तर क्रम बिघडून टीसीपी मंदावतो.

एलएसीपीत आयपी एक, ओएसपीएफचा शेजारी एक, कॉन्फिग आटोपशीर. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांबं-फायबर जोडणारी पेटी) असेल तर पलीकडे लिंक तुटली तरी पोर्ट चालूच दिसू शकतो, म्हणून एलएसीपीचा फास्ट टायमर लावाच. स्लोवर मेलेली लिंक कळायला ९० सेकंद जातात, फास्टवर ३.

ईसीएमपीत ओएसपीएफचा डेड टायमर (शेजारी गेला असं ठरवायची मुदत) बहुतेक ठिकाणी ४० सेकंदांचा, पण बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावलं की सेकंदाच्या आत निकाल. शिवाय प्रत्येक लिंक वेगळी पिंग करता येते. एलएसीपीत एक लिंक पॅकेट गाळू लागली, की काही युजर रडतात, काहींचं सुरळीत चालतं, आणि दोष शोधताना जीव जातो.

लिंक दोन वेगळ्या प्रोव्हायडरच्या असतील तर मी डोळे झाकून ईसीएमपी घेईन. एकाच रॅकमध्ये एलएसीपी पुरे.