घरच्या आजारी माणसाची सेवा शिकवणारा वर्ग: ३०० रुपयांत काय मिळालं

आप्पांना फेब्रुवारीत लकवा मारला. उजवी बाजू गेली, गिळणं गेलं. १७ दिवसांनी सुट्टी मिळाली तेव्हा हातात जाडजूड फाइल, आप्पांच्या नाकात एक नळी, लघवीला दुसरी, आणि सांगणं एवढंच की 'नीट काळजी घ्या.' नीट म्हणजे कशी, हे विचारायच्या आत अ‍ॅम्ब्युलन्सवाला हॉर्न वाजवायला लागला होता.

माझं चोपड्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. हाताला कामाची सवय, त्यामुळे वाटलं की जमेल. मग नाकातल्या नळीतून वरणाचं पाणी मी सिरिंजचा दट्ट्या दाबून घालायचो, ग्रीस गन मारतात तसं. आप्पा खोकायचे. कमरेखाली माकडहाडावर लाल डाग दिसला तेव्हा माय म्हणाली, "तेल लाव रे भाऊ, बरं व्हई." आठवडाभर रोज तिथं तेल चोळलं.

मग मेडिकलवाल्याने जळगावच्या या वर्गाचं सांगितलं. दोन दिवस, माणशी ३०० रुपये, दुपारचं जेवण त्यातच. शिकवणाऱ्या दोघी सिस्टर, त्यातल्या एक रिटायर झालेल्या. वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. कुणाला हवं असेल तर विचारा, सांगेन.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी भाषण दिलं नाही. मलाच पलंगावर झोपवलं, उजवा हात-पाय ढिला सोडायला सांगितला आणि दोघा जणांना म्हणाल्या, याला कुशीवर वळवा. त्यांनी माझा ढिला हात धरून ओढला. खांदा असा कळवळला की मी लकवा विसरून उठून बसलो. "बघा," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या आप्पांना ओरडता येत नाही." घरी आम्ही त्यांना त्याच हाताने ओढून बसवायचो.

वळवायची रीत अशी. चादरीची दुहेरी घडी खांद्यापासून कमरेखालपर्यंत अंगाखाली घालायची, दोघांनी दोन्हीकडून धरायची आणि माणूस किंचित उचलून सरकवायचा. घासत ओढला की कातडी सोलते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटरीखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल डाग बोटाने दाबून बघायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर कातडीखाली नासायला सुरुवात झाली समजायची, तिथे दाब पडू द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. अशा डागावर चोळायचं तर मुळीच नाही. मी मान खाली घालून वहीत लिहिलं.

नळीचा भाग मला सगळ्यात पटला, कारण तो आमच्याच धंद्यातला. दट्ट्या काढून टाकायचा, सिरिंज नळीला लावून वीतभर वर धरायची आणि पातळ अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं. वर धरली की जोर वाढतो, खाली आणली की कमी होतो. टाकी आणि नळाचंच गणित, आणि मी मूर्खासारखा पंप लावून बसलो होतो! एका वेळी दोनशे-अडीचशे मिली, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. आधी नाकपुडीजवळची पेनाची खूण जागेवर आहे का बघायची. खूण सरकली असेल किंवा आप्पांना ठसका लागला तर थांबायचं, पुढे काही ओतायचं नाही. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची. डोकं आणि छाती उंच, आणि जेवणानंतरही अर्धा-पाऊण तास तशीच. गोळ्यांचंही सांगितलं: काही गोळ्या सावकाश विरघळायच्या असतात, त्या कुटून घालायच्या नसतात, मेडिकलवाल्याला विचारूनच कुटायच्या. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. आम्ही ती उशाशी ठेवत होतो.

आता तक्रारी.

वर्गातला पलंग हँडल फिरवला की डोकं वर करणारा. आमच्याकडे बाज आहे. बाजेवर माणूस मधल्या खड्ड्यात जातो आणि उशा लावूनही घसरतो. विचारलं तर सिस्टर हसल्या, म्हणाल्या, दवाखान्यातलं सामान आहे, तेच आणलं. शेवटी बाजेवर प्लायवूड टाकलं, त्यावर लाकडी खुर्ची उलटी ठेवली, तिच्या पाठीवर गोधडी. मस्त उतार होतो. दुसऱ्या दिवशी फोटो दाखवला तर त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

हवेच्या गादीचं फक्त गुणगान झालं. ती भाड्याने आणा जरूर, पण लाईट गेली की पंप बंद, आणि तासाभरात आप्पा फळीवर. एप्रिलमध्ये आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मी पंप इन्व्हर्टरवर घेतला. आणि ४५ डिग्रीत मेणकापडावर झोपलेल्या माणसाच्या पाठीला घामोळं येतं, त्यावर उपाय विचारला तर "सुती चादर वर टाका, सारखी बदला" एवढंच. बदलतोच आहोत.

जेवणात वरण-बट्टी होती. त्याला मात्र पैकीच्या पैकी.

मोठी तक्रार वेळेची. सोमवार-मंगळवार, दहा ते पाच. चौदा जण आलो होतो, त्यात दहा पुरुष. घरी सेवा करणाऱ्या बाया कुठे होत्या? सेवाच करत होत्या. माझीही बायको. मी मोठ्या थाटात घरी येऊन तिला चादरीची घडी शिकवायला गेलो, तर ती म्हणाली, अहो, हे मी केव्हाच करते, तुमच्या जुन्या धोतराने. मग म्हणाली, दोन तासांनी कूस बदलायची तर मी झोपायचं कधी? वहीत याचं उत्तर नव्हतं. त्यावरचा भाग दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना घाईघाईत उरकला होता.

पुढच्या महिन्यात दुकान बंद ठेवून मी घरी थांबलो आणि तिला एसटीने पाठवलं. तिने तोच प्रश्न भर वर्गात विचारला. सिस्टर म्हणाल्या, पाळ्या लावा, कागदावर लिहा, आणि ज्याची पाळी नाही त्याला उठवू नका.

पाहुण्यांबद्दलही तिनेच विचारलं. आत्या येते आणि "भाऊ उपाशी शे" म्हणत चमच्याने चहा पाजते. तो चहा श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होतो, हे मला वर्गात कळलं होतं, पण आत्याला कोण सांगणार? मी दारावर ऑइल पेंटने लिहिलं, 'आप्पांना तोंडाने काहीही देऊ नये.' आत्याला वाचता येत नाही. आता ती आली की माय कपबशी घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि तिला तिथेच चहा देते.

पाचपैकी साडेतीन. रविवारी घेतला आणि एक बाज आणून ठेवली तर साडेचार.

पाळ्यांचा कागद फ्रिजवर आहे. रात्री दोन आणि चारची पाळी धाकट्याची. परवा दीडला पाणी प्यायला उठलो तर चारच्या रकान्यात त्याची टिक आधीच होती.