प्रोग्रामिंगच्या शिकवणीच्या नावाखाली झालेली फसवणूक

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग हा विषय आला आणि शाळेत त्याचा गंधही नसलेल्या आम्हा काही विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांतच आपण मागे पडत असल्याची भीती वाटू लागली. नेमक्या याच भीतीवर चालणाऱ्या एका खासगी ऑनलाइन शिकवणीने मला कसे फसवले, हे तपशिलाने लिहीत आहे.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, रोज थेट वर्ग, प्रत्येकासाठी स्वतंत्र मार्गदर्शक आणि समाधान न झाल्यास संपूर्ण शुल्क परत, अशी जाहिरात होती. फोनवर बोलणाऱ्या सल्लागाराने माझ्या अभ्यासक्रमाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. सवलत आजच संपते, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितले. शुल्काखेरीज ‘सॉफ्टवेअर संचा’साठी वेगळी रक्कम घेतली गेली. त्या संचात पायथन आणि त्याच्यासोबत येणारे आयडल हे प्रोग्राम लिहिण्याचे व चालवण्याचे साधन यांखेरीज काहीही नव्हते, आणि या दोन्ही गोष्टी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळतात. अधिकृत प्राथमिक पाठही तिथेच आहेत. ज्याने कधी प्रोग्राम लिहिलेला नाही त्याला हे ठाऊक नसते, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

खरे नुकसान त्यापुढे झाले. शिकवणीतले धडे पायथन 2 चे होते. पायथन 3 ही आवृत्ती 2008 च्या डिसेंबरमध्ये आली आणि पायथन 2 ची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी थांबली, तरीही आम्हाला ‘अद्ययावत अभ्यासक्रम’ म्हणून जुनेच धडे विकले गेले. पहिल्या धड्यात प्रिंट या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेपुढे कंस न देता मजकूर लिहिलेला होता. तीच ओळ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिंटॅक्स एरर, म्हणजे लेखनाच्या नियमांची चूक, दाखवत असे. ही चूक निदान पडद्यावर दिसते. पण धड्यात इनपुट ही वापरणाऱ्याकडून माहिती घेणारी आज्ञा वापरून 5 आणि 6 या संख्या घेतल्या आणि त्यांची बेरीज 11 दाखवली, ती मी प्रयोगशाळेत करून पाहिली तेव्हा उत्तर 56 आले. पायथन 3 मध्ये इनपुट नेहमी मजकूर परत देते, त्यामुळे अधिक चिन्हाने दोन संख्यांची बेरीज न होता दोन मजकूर एकमेकांना जोडले जातात. आधी त्यांचे इंट ही आज्ञा वापरून पूर्णांकात रूपांतर करावे लागते. 7 भागिले 2 चे उत्तर धड्यात 3 होते, प्रयोगशाळेत 3.5, कारण पायथन 2 पूर्णांकांच्या भागाकारात दशांश भाग सोडून देते. डेटा टाइप म्हणजे काय, अर्थात एखादे मूल्य मजकूर आहे, पूर्णांक आहे की दशांश संख्या, हे समजावून सांगण्याची याहून चांगली संधी कोणत्या शिक्षकाला मिळाली असती? मार्गदर्शकाने मात्र मला लिहून कळवले की तुमच्या संगणकात बिघाड आहे, पायथन काढून पुन्हा टाका. ज्या वयात आणि ज्या टप्प्यावर विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीवरच शंका घेत असतो, त्या टप्प्यावर त्याला असे उत्तर देणे मला पैसे घेण्यापेक्षाही गंभीर वाटते.

‘थेट’ वर्ग हे जुने चित्रीकरण होते. शिकवणाऱ्याच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात काही वर्षांपूर्वीची तारीख स्पष्ट दिसत होती, आणि आम्ही लिहिलेल्या प्रश्नांना कोणीही उत्तर देत नसे.

स्वाध्यायांसाठी ‘तुमच्यासाठी स्वतंत्र लिहिलेली’ म्हणून मिळणारी उत्तरे सर्वांना तीच पाठवली जात होती. याचा धोका नीट समजून घ्यावा. प्रोग्रामांमधील साम्य शोधणारी मॉससारखी साधने 1994 पासून अस्तित्वात आहेत. चलांची (मूल्ये साठवणाऱ्या नावांची) नावे बदलली, प्रोग्राममधल्या स्पष्टीकरणाच्या टिप्पण्या काढल्या, तरी त्यांना रचनेतले साम्य सापडते. विकणाऱ्याचे काहीच जात नाही, चौकशीला विद्यार्थ्यालाच सामोरे जावे लागते.

मी शुल्क परत मागितले तेव्हा करारातील अट पुढे करण्यात आली: परताव्याचा अर्ज नोंदणीनंतर ठरावीक मुदतीतच करायचा होता, आणि पहिला वर्ग त्या मुदतीनंतर ठेवलेला होता. ‘सुलभ हप्ते’ म्हणून ज्यावर संमती घेतली गेली, ते एका वित्तसंस्थेचे माझ्या नावावरचे कर्ज निघाले. शिकवणीला संपूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते, त्यामुळे विद्यार्थी सोडून गेला तरी तिचे काहीच अडत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक धडा मागून घ्यावा, त्यातील प्रोग्राम विद्यापीठात वापरात असलेल्या आवृत्तीवर स्वतः टाइप करून चालवावा, आणि मुद्दाम एखादी चूक करून ती का झाली हे मार्गदर्शकाला विचारावे. जो शिकवणारा आहे तो एरर संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायला सांगेल. हप्त्यांचा करार असेल तर पैसे नेमके कोणाला द्यायचे आहेत हे लेखी घ्यावे आणि परताव्याची मुदत पहिल्या वर्गाच्या तारखेशी ताडून पाहावी. विषय जड जात असेल तर प्रयोगशाळेतील साहाय्यकांना आधी विचारावे. 56 या उत्तराचा उलगडा मला त्यांनीच काही मिनिटांत, कोणतेही शुल्क न घेता करून दिला. शिकवणीचे सर्व संदेश, पावत्या आणि त्या जुन्या तारखेची छायाचित्रे मी तक्रारीसोबत जोडली आहेत. तिचा निकाल अजून लागलेला नाही आणि कर्जाचे हप्ते सुरूच आहेत.