मुंबईत रेडिएटरचं काम कुणाकडे द्यावं?

इंजिनच्या तापमानाचा काटा सायनच्या सिग्नलला चढतो आणि वाशीच्या खाडीपुलावर पुन्हा खाली येतो. रेडिएटरवाल्याला एवढंच सांगायचं आणि तो पुढे काय विचारतो ते ऐकायचं. ‘एसी चालू असताना की बंद असताना? पंखा फिरतो का? सिग्नलला एसीचं कूलिंग पण पडतं का?’ असं विचारणारा माणूस कामाचा. ‘शेठ, जाळी (म्हणजे रेडिएटर) गेली, नवीन टाकून घ्या’ हे बॉनेट उघडायच्या आधीच बोलणाऱ्याकडून गाडी परत काढा.

कारण उत्तर त्या दोन जागांतच दडलेलं आहे. ट्रॅफिकमध्ये रेडिएटरला हवा मिळते ती फक्त पंख्याची, पुलावर वेगाची हवा आपोआप लागते. तेव्हा फक्त मुंगीच्या चालीत गरम होणाऱ्या गाडीत पंख्याची मोटर, रिले, फ्यूज किंवा एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचलेला कचरा आधी बघायचा. एसी पण त्याच वेळी ढिला पडत असेल तर संशय आणखी पक्का. याच्या उलट, सिग्नलला काटा शांत आणि खंडाळ्याचा घाट चढताना वर, असं असेल तर कूलंट पुरेसं फिरत नाही: नळ्या चोक, वॉटर बॉडीची (कूलंट फिरवणाऱ्या पंपाची) पाती झिजलेली किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय.

आता दुकानं. ऑपेरा हाउसच्या बाजूची दुकानं नवे पार्ट घ्यायला ठीक. बँको, वॅलिओ, डेन्सो अशा कंपन्यांचा रेडिएटर बिलासकट घ्यायचा असेल तर तिथून आणून आपल्या मेकॅनिककडे बसवता येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथून दरवाजा, आरसा, बंपर जरूर घ्या. रेडिएटर घेऊ नका. आतल्या नळ्यांत किती क्षार बसलाय ते बाहेरून दिसत नाही, आणि अपघातातल्या गाडीत सगळ्यात पुढे तोच असतो.

तिसरे म्हणजे डाख लावणारे जुने कारागीर. तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या पद्मिनीला, ॲम्बॅसेडरला किंवा जुन्या टेम्पोला यांच्यासारखा माणूस नाही: टाकी डाखावरून सोडवतात, नळ्यांतून सळई फिरवतात, पुन्हा डाख लावून देतात. पण आजच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा कोअर (नळ्या-जाळीचा मधला भाग) आणि वर प्लॅस्टिकची टाकी असते. दोन्हींच्या मध्ये रबरी गॅस्केट आणि कडेला दुमडलेले पत्र्याचे दात. गळती याच सांध्यातून होते, आणि कूलंटच्या रंगाची वाळलेली खरपुडी तिथे दिसते. कोअर चांगला असेल तर दात उघडून नवी गॅस्केट घालून पुन्हा दाबणं हे रास्त काम आहे. टाकीलाच चीर गेली असेल तर टाकी बदलायची. त्या चिरेवर एम-सील थापणाऱ्याला हात जोडा, कारण उष्णतेने ठिसूळ झालेली टाकी दाबाखाली शेजारीच पुन्हा फुटते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रेशर टेस्टर. हातपंप आणि घड्याळासारखा काटा असलेलं साधं हत्यार. इंजिन थंड असताना ते रेडिएटरच्या झाकणाच्या जागी लावतात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब भरतात, बहुतेक गाड्यांत 0.9 किंवा 1.1 बार. त्याहून जास्त भरला तर धड पार्टही फुटेल. मग 10-15 मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर टॉर्च घेऊन थेंब शोधायचा: होजच्या क्लिपा, टाकीचा सांधा, वॉटर बॉडीखालचं बारीक भोक, केबिनमधल्या हीटरखालचं मॅट. सगळं कोरडं आणि तरी काटा उतरतोय, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातल्या सीलची) शंका. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. कूलंटमध्ये जळका वायू येत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ही चाचणी न करता कुणी हेड उतरवायला निघालं, तर थांबवा.

झाकणाचीही तपासणी त्याच टेस्टरवर होते. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, 1.1 बारच्या झाकणाखाली तेच 125 अंशांच्या पुढे तग धरतं. झाकणाची स्प्रिंग मेली की ही सगळी जादा ताकद जाते आणि कूलंट उकळून जादा कूलंटच्या बाटलीतून बाहेर येतं. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि त्याच्यापायी अख्खे रेडिएटर बदलले जातात.

साफसफाईसाठी आत काय घालता, हे जरूर विचारा. उत्तर ‘कॉस्टिक’ आलं तर नको. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच खातो. बाहेरची जाळी कंडेन्सर बाजूला करून, इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवायची. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) झोपतात आणि हवेची वाट बंद. समुद्रकाठच्या वस्तीत आणि तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट दिसते: फिनवर बोट घासलं की पांढरी भुकटी हाताला येते. अशा जाळीवर धुण्याचा खर्च नको, नवीच घ्या.

‘मुंबईत व्हॉल्व्ह लागत नाही’ असं म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणारे अजून आहेत. व्हॉल्व्ह काढला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट उघडी राहून गाडी उलट जास्त गरम होते. व्हॉल्व्हवर शंका असेल तर तो गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत टाकून बघायचा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाला, बहुधा 82 ते 88च्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे.

कूलंट भरताना उभं राहून बघा. लहान गाडीत साधारण चार-पाच लिटर लागतं. एक लिटरचा डबा ओतून वर नळाचं पाणी म्हणजे फसवणूक. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर अजिबात नको, डिस्टिल्ड वॉटर हवं. हिरवा-गुलाबी रंग बघून जात ठरत नाही, मॅन्युअलमधला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. इंजिन गरम आणि हीटरमधून थंड हवा, म्हणजे आत हवा अडकली आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघायची.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक प्रश्न विचारा. काही मॉडेलांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की ऑइल आणि कूलंट मिसळून गुलाबी दुधासारखा चिखल होतो. तेव्हा रेडिएटर बदलून भागत नाही, गिअरबॉक्सही फ्लश करावा लागतो. हे स्वतःहून न सांगणाऱ्या दुकानात ऑटोमॅटिक देऊ नका. हायब्रिड, इलेक्ट्रिक किंवा वॉरंटीतली गाडी सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

बिलावर कोअर, टाकी, गॅस्केट, कूलंटचे लिटर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, जुना पार्ट परत मागा. आणि लाल दिवा लागलेली गाडी दुकानापर्यंत चालवत नेऊ नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गरम झाकणाला हात लावू नका आणि विम्यातलं टोइंग बोलवा.