सौर कृषिपंप घेताय? आधी हेड मोजा

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतला संच वाईट नाही, तो वाटायचा हिशेब अर्धवट आहे. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे ७.५, असं सातबाऱ्यावरून ठरतं. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. पाणी किती वर चढवायचंय हे मात्र सातबाऱ्यावर नसतं.

म्हणून पोर्टलवर पंप बसवणारी एजन्सी निवडण्याआधी हेड काढा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर उंच ढकलावं लागेल ते. समजा उन्हाळ्यात विहिरीचं पाणी १२ मीटर खाली जातं, शेत ६ मीटर वर आहे, पाइपातली घट ४ मीटर आणि ठिबक-फिल्टरला दीड किलो दाब, म्हणजे १५ मीटर. झाले ३७. इथे ३० मीटर हेडचा पंप बसवला, तर विहिरीच्या तोंडाशी धो-धो पाणी दिसेल आणि वरची झाडं कोरडी राहतील. ५० मीटरचा मागा. तो आकडा सर्व्हेच्या कागदावर आल्यावरच सही करा.

ढगाळ दिवसांची गोम वेगळी. ऊन उतरलं की मोटरचे फेरे कमी होतात, आणि पंपाचं हेड, म्हणजे त्याची पाणी चढवायची ताकद, फेऱ्यांच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशेबाने घटते. फेरे ८० टक्क्यांवर आले की ५० मीटरचे ३२ उरतात. मोटर फिरतेय, पाणी जवळपास थांबलंय, आणि तक्रार जाते ‘पंप बिघडला’ अशी! अशा वेळी ठिबक बंद करून पाणी शेततळ्यात सोडावं.

पॅनेल मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर बांधावरच्या बाभळीची सावली पडली तरी पाण्यावर परिणाम होतो. काच पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पॅनेलचे कनेक्टर चालू लोडवर ओढू नयेत, डीसीची ठिणगी सहज विझत नाही. आधी कंट्रोलर (मोटर चालवणारा डबा) बंद, मग आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच). वीजरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याची) अर्थिंग वेगळी आहे ना, तेही बघा. काळ्या मातीत पाया हलतो, म्हणून वळवाआधी नटबोल्ट आवळून घ्या. दुरुस्तीची हमी ५ वर्षं, विम्यासह. वादळात मोडतोड झाली तर आवराआवर करण्याआधी फोटो काढा.

डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली म्हणून पीक वाळत नाही, बिबट्याच्या भागात रात्रपाळी टळते. या दोन गोष्टींसाठी विहीर-शेततळेवाल्यांनी जरूर घ्यावा. उन्हाळ्यात शंभर मीटरखाली जाणाऱ्या बोअरला मात्र मी तो सुचवणार नाही.